शाल, श्रीफळ आणि प्रश्न

एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस जातात. त्या हिशेबाने हजार पौर्णिमा पाहायला माणसाला 80 वर्षे आणि वर सुमारे 10 महिने जगावे लागते. सहस्रचंद्रदर्शनाचा सगळा हिशेब एवढाच. यात कर्तृत्वाला कुठे जागा नाही. चंद्र सज्जनाच्याही अंगणात उगवतो आणि सावकाराच्याही. तरीही तरुणपणी फौजेत राहिलेला, पुढे विधानसभेत बसलेला आणि आता दोन्हींतून निवृत्त झालेला एखादा माणूस ऐंशी पार करतो, तेव्हा गाव मांडव घालते, शाल-श्रीफळ आणते, मानपत्र वाचते. आपण त्या दिवशी नेमका कशाचा मान राखतो? त्याच्या वयाचा म्हणावा, तर वय ही त्याची कमाई नव्हे. कामाचा म्हणावा, तर ते काम संपून वीस वर्षे झाली. मग आजचाच मुहूर्त का? हा प्रश्न वरवर सभासंमेलनांतला वाटतो, पण आपल्या धर्मविचारात तो फार जुना आहे, आणि तिथे मिळणारे उत्तर आपल्या सत्कार समित्यांना परवडणारे नाही.

आधी विधी पाहू. साठीची उग्ररथ, सत्तरीची भीमरथी, मग सहस्रचंद्रदर्शन. या साऱ्यांना आपण ‘शांती’ म्हणतो, सत्कार म्हणत नाही. साठ संवत्सरांचे चक्र पूर्ण होऊन जन्माचा संवत्सर पुन्हा येतो, म्हणून साठी हा उंबरठा. आणि उंबरठ्यावर भय असते, त्याचे शमन करायचे. विशेष म्हणजे या दिवशी देणारा यजमान असतो, आणि यजमान म्हणजे तो म्हातारा माणूसच. तो दान देतो, कुणी तुला करवून घेतली तर पारड्यातले धान्य किंवा गूळ वाटून टाकतो. आजच्या मांडवात दिशा उलटली आहे. तिथे उत्सवमूर्ती घेते आणि भोवतीचे देतात. या उलट्या दिशेबद्दल मला तक्रार नाही, कृतज्ञता व्यक्त करायला समाजालाही काही निमित्त हवेच. पण जुन्या विधीतली एक गोष्ट या उलथापालथीत हरवली: त्या दिवशी वृद्धाकडून काहीतरी पुढे जायचे असते.

वयाच्या मानाविषयी शास्त्रकारही फारसे भाबडे नव्हते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मानाची पाच कारणे चढत्या क्रमाने दिली आहेत: धन, नाते, वय, कर्म आणि विद्या. वय मधोमध आहे. कर्म त्याच्या वर, विद्या त्याहून वर. केस पांढरे झाले म्हणून कुणी वृद्ध होत नाही, असेही त्याच अध्यायात म्हटले आहे, आणि धम्मपदातही जवळजवळ हाच विचार थेरांच्या, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंच्या, संदर्भात येतो. पाच कारणांच्या त्या यादीला लागूनच मात्र मनू सांगतो की नव्वदी ओलांडलेला शूद्रही मानाला पात्र आहे. हे वाक्य आज वाचवत नाही, पण त्यातून एक गोष्ट उघड होते. निव्वळ वयाचा मान हा ज्याला दुसरा कुठलाच मान मिळू द्यायचा नाही, त्याच्यासाठी राखून ठेवलेला होता. म्हणजे ज्याने सीमेवर पहारा दिला आणि सभागृहात कायद्यांवर हात वर केला, त्याला केवळ ‘शतायुषी व्हा’ म्हणून घरी पाठवणे हा त्याचा गौरव नसून त्याचे कर्म विसरल्याची कबुली आहे.

मग गौरव कशाने होतो? सैनिक आणि सभासद या दोन्ही भूमिका एकाच देहात वागवलेल्या सर्वांत प्रसिद्ध वृद्धाकडे पाहावे. भीष्म लढवय्या होता आणि हस्तिनापूरच्या सभेतला ज्येष्ठही. युद्ध संपल्यावर तो शरपंजरी पडलेला असताना कृष्ण युधिष्ठिराला त्याच्याकडे घेऊन जातो, ते पुष्पगुच्छ देण्यासाठी नव्हे. कृष्णाचे म्हणणे असे, की हा माणूस मावळला की त्याच्यासोबत बरेच ज्ञानही मावळेल, तेव्हा आत्ताच विचारून घे. युधिष्ठिर संकोचतो, कारण आजोबांना या अवस्थेत आणणाऱ्यांत तो स्वतः आहे. भीष्म सांगतो, वेदनांनी बुद्धी चालत नाही; तेव्हा कृष्ण आधी त्या वेदना शमवतो. (हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे: आधी औषधपाणी, मग प्रश्न. निवृत्तिवेतनासाठी हेलपाटे घालणाऱ्या माजी सैनिकाला व्यासपीठावर बोलवणाऱ्यांनी तर नक्कीच.) मग प्रश्न सुरू होतात: राजाचा धर्म, कर, दंड, आपत्काळ, दान, मोक्ष. महाभारतातले सर्वांत मोठे पर्व, शांतिपर्व, आणि त्यामागून येणारे अनुशासनपर्व या प्रश्नोत्तरांनी भरले आहे. वृद्धाचा याहून मोठा सत्कार आपल्या वाङ्मयात मला दिसत नाही, आणि त्यात हार कुठेच नाही. विचारण्यातच मान आहे. तुझ्याकडे असे काही आहे, जे आमच्याकडे नाही आणि आम्हाला हवे आहे, हे प्रश्न विचारल्याशिवाय सिद्ध होत नाही. शाल पांघरून तोंडावर मायक्रोफोन धरला आणि दोन मिनिटांत ‘मनोगत’ आटपायला सांगितले, तर ते सिद्ध होत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की वाढदिवस हा उलटतपासणीचा दिवस नव्हे. मान्य, पण भीष्माकडे कुणी उलटतपासणीला गेले नव्हते, शिकायला गेले होते. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. जो माणूस मोक्याच्या क्षणी गप्प राहिला, त्याचा सन्मान का करावा? द्रौपदीने भर सभेत न्यायाचा प्रश्न विचारला तेव्हा हाच भीष्म धर्म सूक्ष्म असल्याचे सांगून निर्णय टाळतो. ज्या सभेतले वृद्ध धर्म बोलत नाहीत ते वृद्धच नव्हेत, हा विदुराच्या उपदेशातला निकष त्याला लावला तर तो नापास होतो. माझे उत्तर असे, की विचारणारा सत्कारच अशा माणसाला पेलू शकतो. गौरवग्रंथाला निष्कलंक नायक लागतो आणि तो नसेल तर ग्रंथ खोटे बोलतो. प्रश्नांना निष्कलंक माणूस लागत नाही. चुकलेला माणूस कधी कधी जास्त उपयोगी पडतो. भीष्म धर्म सांगत असताना द्रौपदी हसली, आणि त्या दिवशी हा धर्म कुठे होता असे तिने विचारले, ही कथा कीर्तनांतून सांगितली जाते. लोकांना तो प्रश्न राहून गेल्याचे खुपत होते, म्हणूनच ती कथा टिकली असावी. निवृत्त आमदारालाही असे विचारता आले पाहिजे: कुठल्या विधेयकावर तुम्ही मनाविरुद्ध हात वर केलात? पदावर असताना याचे उत्तर पक्षादेश देतो. ऐंशीनंतर माणूस स्वतः देऊ शकतो.

तिसरा आक्षेप अध्यात्माच्या बाजूने येतो. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत पहिले आहे अमानित्व, आणि ज्ञानेश्वरांनी त्यावर मन लावून लिहिले आहे. मानाचे ओझे ज्ञानी पुरुषाला सहन होत नाही. मग सत्कार म्हणजे त्याला मोहात पाडणेच की! पण अमानित्व हे घेणाऱ्याचे व्रत आहे, न देणाऱ्याची सबब नव्हे. शिवाय हार घातला तर अमानी माणूस अवघडतो, पण विचारले तर तो मोकळा होतो, कारण तिथे लक्ष त्याच्यावरून विषयाकडे वळते.

सैनिकाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. त्याच्या हजार पौर्णिमांच्या मागे ज्यांच्या पाचशेही झाल्या नाहीत असे सोबती उभे असतात. साताऱ्याच्या प्रतिसरकारात हत्यार घेऊन लढलेले आणि पुढे आमदारही झालेले वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी 1922 साली जन्मले आणि 2012 साली गेले. त्यांना 2009 मध्ये पद्मभूषण मिळाले. पण त्यांनी गावात साखर कारखाना उभा केला तेव्हा त्याला नाव दिले ते लढ्यात मारले गेलेले सहकारी किसन अहिर यांचे. वाचलेल्या माणसाने आपल्याकडे येणारा मान कुणाकडे वळवावा, याचे याहून सरळ उदाहरण मला माहीत नाही. अशा माणसाला त्याच्याविषयी विचारले तर तो संकोचेल. त्याच्या सोबत्यांविषयी विचारावे.

राहता राहिली निवृत्ती. जवान चाळिशीच्या आतबाहेर हुकमाने घरी येतो. आमदारकीला तसा हुकूम नाही. घटनेच्या 173 व्या कलमाने विधानसभेसाठी किमान 25 वर्षे वय सांगितले, कमाल सांगितलेच नाही. तिथे मतदार घरी पाठवतात, नाहीतर माणसाने स्वतः उठायचे. सांगोल्यातून 11 वेळा निवडून आलेले गणपतराव देशमुख नव्वदी ओलांडल्यावर 2019 मध्ये स्वतःहून बाजूला झाले. पदावरच्या नेत्याच्या वाढदिवसाला चौकाचौकात फलक लागतात, त्यांत आशा किती आणि धाक किती हे लावणाऱ्यालाच ठाऊक. निवृत्त माणूस कुणाला तिकीट देऊ शकत नाही, कुणाची बदली करू शकत नाही. त्याच्या दारी जाणारा माणूस काही मागायला गेला असेल, तर ते फक्त त्याच्या आठवणीतले असते. म्हणून पुढच्या सहस्रचंद्रदर्शनाचा मांडव घालणाऱ्या समितीला एवढीच विनंती: पाहुण्यांची भाषणे निम्मी करा, उत्सवमूर्तीला बसायला बरी खुर्ची द्या, आणि गावातल्या मुलांना सांगा की येताना प्रश्न लिहून आणा.