अधिकार कीं अनुग्रह?

सत्ता हातीं आली म्हणजे ती आपली झाली, असें आपण सहसा गृहीत धरतों. परंतु सत्ता दोन प्रकारची असते. एक पदाबरोबर येते; तिच्यासाठीं कोणाचें तोंड पाहावें लागत नाहीं. दुसरी कोणाच्या तरी मर्जीवर उभी असते. पहिलीस अधिकार म्हणावें, दुसरीस अनुग्रह. कचेरींत काम करणाऱ्या स्त्रीच्या वाट्यास यांपैकीं कोणती येते, हा प्रश्न ‘मॅड मेन’ या अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेनें मोठ्या मार्मिकपणें मांडला आहे.

२००७ ते २०१५ या काळांत दाखविल्या गेलेल्या या मालिकेचें कथानक १९६० सालीं न्यूयॉर्कमधील एका जाहिरात-कचेरींत सुरू होऊन १९७० पर्यंत येतें. पेगी ऑल्सन ही तेथें सेक्रेटरी म्हणून येते आणि पुढें जाहिरातींचा मजकूर लिहूं लागते. जोन हॉलोवे ही सर्व सेक्रेटरींवर देखरेख करिते. कचेरी खऱ्या अर्थानें तीच चालविते. परंतु तिचें हें सामर्थ्य कोणत्याही कागदावर नाहीं. एकदां दूरचित्रवाणीच्या संहिता वाचण्याचें काम तिच्याकडे येतें आणि तें ती उत्तम करिते. मात्र त्या जागेवर कायमची नेमणूक होतांच ती एका पुरुषाची होते, आणि त्याला काम समजावून देणें एवढेंच तिच्याकडे उरतें.

पुढें एक तरुण चित्रकार जोनचें अश्लील व्यंगचित्र काढतो. पेगी आपल्या हुद्द्याच्या बळावर त्याला काढून टाकते. जोन आभार मानील अशी तिची अपेक्षा. जोन उलट रागावते. एखाद्या गिऱ्हाइकाबरोबर जेवण घेऊन हें काम आपण सहज साधलें असतें, आतां आपण दुबळ्या ठरलों आणि पेगी कठोर ठरली, असें तिचें म्हणणें. यांत व्यवहारज्ञान आहे, हें नाकारतां येत नाहीं. परंतु अनुग्रहानें साधलेलें प्रत्येक काम अनुग्रह करणाऱ्याचाच हात बळकट करितें. पेगीचा उपाय रुक्ष असला, तरी मागून येणाऱ्या मुलीला तो उपयोगी पडेल. जोनचें चातुर्य जोनबरोबरच संपेल.

तरी जोनला दोष देण्याची घाई करूं नये. एका मोटार-कंपनीचें काम मिळावें म्हणून तेथील एका माणसाबरोबर एक रात्र घालविण्याची सूचना तिच्यापुढें येते. ती मोबदल्यांत शेंकडा ५ ची भागीदारी मागते आणि मिळविते. तिनें संमति दिली, मग तक्रार कसली, असें कोणी म्हणेल. पण ज्यांनीं वर्षानुवर्षें सरळ वाट बंद ठेवली, त्यांनींच आडवाट दाखवावी, आणि ती चालून गेलेल्या स्त्रीच्या माथीं कलंक मारावा, हा कोठला न्याय? प्रस्ताव घेऊन येणाऱ्याची लाज मात्र कोणी काढीत नाहीं!

१९७० सालीं एका बलाढ्य कंपनींत तिची कचेरी विलीन होते. तेथें वरिष्ठ तिच्याशीं लगट करूं पाहतात. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानें नोकरींतील स्त्री-पुरुषभेद निषिद्ध ठरविला होता. जोन त्याचा धाक घालते. तरीही आपल्या येणें असलेल्या पांच लक्ष डॉलरांपैकीं निम्मे घेऊन तिला बाहेर पडावें लागतें. कायदा होता, भागीदारी होती. शेजारीं उभें राहणारें कोणी नव्हतें. त्याच वर्षीं प्रत्यक्ष जगांत ‘न्यूजवीक’ साप्ताहिकांतील ४६ स्त्रियांनीं मिळून त्याच कायद्याखालीं तक्रार दाखल केली. अनुग्रह नेहमीं एकटीवर होतो, आणि म्हणूनच तो काढून घेणें सोपें असतें. अधिकार मात्र अनेकींनीं मिळून मागितल्यावांचून एकीच्याही हातीं टिकत नाहीं.

अखेर जोन घरींच स्वतःचा धंदा उभारते. पाटीला दोन नांवें शोभतात, म्हणून ती माहेरचें आणि सासरचें अशीं आपलींच दोन आडनांवें घालते. भागीदार म्हणून दुसरें कोणी तिला मिळालें नाहीं, हें त्या पाटीनें पुरेसें सांगितलें आहे.