शिकारी जात आणि शिकारीचे काम

समजा, रसायनीच्या एखाद्या वसाहतीत राहणाऱ्या मुस्लिम कुटुंबातील मुलांनी पूडल जातीचा कुत्रा पाळण्याचा हट्ट धरला आहे. निष्कारण कुत्रा घरात ठेवणे शरीअतला मान्य नाही, हे वडिलांना ठाऊक आहे. तेवढ्यात कोणी नातेवाईक माहिती पुरवतो की पूडल मूळचा शिकारी कुत्रा आहे आणि शिकारी कुत्र्याला तर हदीसमध्ये सवलत आहे. घरात सर्वांचे समाधान होते. वाचकहो, हे समाधान कितपत खरे आहे, याचा आपण विचार करू या.

नातेवाइकाची माहिती चुकीची नाही. पूडल हे नाव पाण्यात डुंबण्याच्या अर्थाच्या एका जर्मन शब्दावरून आले आहे. फ्रेंच भाषेत त्याला ‘कानिश’ म्हणतात आणि त्या नावाच्या मुळाशी बदक आहे. शिकाऱ्याने बदक पाडले की पाण्यात उडी घेऊन, दात न रोवता, ते तोंडात धरून काठावर आणणे हे या कुत्र्याचे काम होते. ज्या कातरकामाला आज आपण हौस समजतो, त्याचेही कारण सांगितले जाते: पोहताना ओझे नको म्हणून अंगावरचे केस कापत आणि थंड पाण्यात ऊब राहावी म्हणून छातीवरचे व सांध्यांवरचे तेवढे ठेवत.

आता सूरह अल-माइदाच्या चौथ्या आयतीकडे वळू. शिकवून तयार केलेल्या शिकारी जनावरांनी तुमच्यासाठी धरून ठेवलेले खाण्याची तेथे अनुमती आहे. पण अल्लाहने तुम्हाला जे ज्ञान दिले त्यातूनच तुम्ही या जनावरांना शिकवता, याचेही स्मरण तेथेच दिले आहे. इब्न कय्यिम यांनी यातून ज्ञानाची थोरवी दाखवली: शिकलेल्या कुत्र्याने मारलेली शिकार हलाल, न शिकलेल्याने मारलेली हराम. एका मुक्या प्राण्याचाही दर्जा शिक्षणाने बदलतो.

हे शिक्षण म्हणजे काय? सोडले की धावणे, बोलावले की थांबणे, आणि सर्वांत अवघड म्हणजे भूक असूनही शिकारीला तोंड न लावणे. ह. अदी बिन हातिम (रजि.) यांनी याविषयी विचारले, तेव्हा आदरणीय प्रेषित (स.) यांनी सांगितले की कुत्र्याने त्यातले खाल्ले असेल तर तुम्ही खाऊ नका, कारण त्याने ते स्वतःसाठी धरले. इमाम मालिक यांनी दुसऱ्या एका हदीसच्या आधारे या बाबतीत मोकळीक दिली. मात्र कोकणातील आपले बहुसंख्य बांधव ज्या शाफिई मताचे आहेत, त्यात आणि हनफी मतातही, ही अट कायम आहे.

येथे एक बारकावा आहे, आणि पूडलच्या बाबतीत तोच महत्त्वाचा. आयतीतला कुत्रा स्वतः शिकार धरतो. पाण्यातून बदक आणणारा कुत्रा शिकार करत नाही, तो ती वाहून आणतो. म्हणून त्याला सोडताना ‘बिस्मिल्लाह’ म्हटल्याने ते बदक हलाल होत नाही. गोळीने मेलेल्या पक्ष्याविषयी उलमांत मतभेद असले, तरी शाफिई आणि हनफी परंपरेतील अनेकांचे म्हणणे असे की पक्षी जिवंत हाती लागला पाहिजे आणि जबह झाला पाहिजे. शिवाय ह. अदी (रजि.) यांच्याच हदीसमध्ये पाण्यात पडून मेलेल्या शिकारीला मनाई आहे, कारण ती तुमच्या बाणाने मेली की पाण्याने, हे तुम्हाला कळणार नाही. जखमी पक्षी लव्हाळ्यात तडफडत बुडू नये, त्याच्यावर सुरी वेळेवर चालावी, हा या कुत्र्याचा खरा उपयोग. त्याच्या मऊ तोंडाला शरीअतच्या दृष्टीने अर्थ होता, असे मला वाटते.

पण तो अर्थ कामात होता, रक्तात नव्हे. हदीसमध्ये शिकार, गुरेराखण आणि शेती यांसाठीचा कुत्रा वगळला आहे; इतर कुत्रा पाळणाऱ्याच्या पुण्यातून रोज एक किरात, काही कथनांत दोन, घटतात. तेथे जातीचे नाव नाही. खालापूरच्या शेतमळ्यावर रात्रभर जागणारा गावठी कुत्रा या सवलतीत बसतो. तिसऱ्या मजल्यावर गादीवर झोपणारा पूडल, त्याचे पूर्वज कितीही पट्टीचे पोहणारे असोत, बसत नाही.

मग त्याला काम द्यावे का? पाताळगंगेच्या काठी वंचक आणि पाणकावळे दिसतात, पण त्यांच्यावर बंदूक रोखणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि 1991 च्या दुरुस्तीने शिकारीवरील बंदी जवळजवळ सर्वच वन्यप्राण्यांपर्यंत नेली. जवळचे कर्नाळा तर पक्ष्यांसाठीच राखलेले अभयारण्य. देशाचा कायदा पाळणे हा आपला करार आहे. आणि कायदा नसता तरी पोट भरलेल्याने मौजेखातर जीव घेणे आपल्याला शोभले नसते. ह. इब्न उमर (रजि.) यांनी कुरैशच्या काही तरुणांना बांधलेल्या पक्ष्यावर नेम धरताना पाहिले, तेव्हा असे करणाऱ्यांवर प्रेषितांनी (स.) लानत केल्याचे त्यांना ऐकवले. सजीवाला नेमबाजीचे लक्ष्य करण्याविरुद्धचा हा शब्द फार कडक आहे.

तेव्हा वडिलांनी मुलांना सवलतीचे कारण सांगू नये. आपण काय करत आहोत हे मुलांना कळते, आणि धर्माचा आधार सोयीपुरता घेता येतो, हेही ती त्याच वेळी शिकतात. शाफिई मतानुसार कुत्र्याची विक्रीच वैध नाही, मग पिल्लासाठी हजारो रुपये मोजण्याचा प्रश्न वेगळाच. हनफी मतात उपयोगी कुत्र्याच्या विक्रीला वाव आहे, पण तेथेही मुद्दा पुन्हा उपयोगाशीच येतो.

ज्यांच्या घरी असा कुत्रा आधीच आला आहे, त्यांची गोष्ट निराळी. लेख वाचून कोणी त्याला गाडीत घालून महामार्गावर सोडून येईल, तर तो दुसरा गुन्हा, आणि पहिल्याहून मोठा. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून मोज्यात पाणी काढून पाजणाऱ्याला अल्लाहने क्षमा केली. मांजरीला कोंडून उपाशी मारणारी स्त्री मात्र नरकात गेली. पूडल रस्त्यावर जगू शकत नाही. केस वाढून गुंता झाला की त्याची कातडी सडते. त्याच्यासाठी शेतावरचे किंवा चांगल्या माणसाचे घर शोधावे. ते मिळेपर्यंत त्याचे अन्न, पाणी, औषध आणि केस कापणे ही आपलीच जबाबदारी. नमाजची जागा आणि भांडी वेगळी ठेवावीत, त्याने तोंड लावलेले भांडे सात वेळा, त्यांपैकी एकदा मातीने धुवावे. आणि त्याचा राग धरू नये, तो स्वतःहून आपल्या दारी आलेला नाही.