तालुक्याच्या गावातील खो-खो मंडळ आणि त्याचा पुढचा आराखडा

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीसारख्या तालुक्याच्या गावातले क्रीडा मंडळ बहुधा एका माणसाच्या जिवावर चालते. शाळेत शारीरिक शिक्षण शिकवणारा एखादा शिक्षक संध्याकाळी मुले गोळा करतो, खांब रोवतो, पदरमोड करून संघ जिल्ह्याला नेतो. पाच-सात वर्षांत दोन-चार मुले राज्य स्पर्धेपर्यंत पोहोचतात, गावात सत्कार होतो, वर्तमानपत्रात फोटो येतो. मग त्या शिक्षकाची बदली होते किंवा तो निवृत्त होतो आणि पुढच्या पावसाळ्यात मैदानावर गवत माजते. मंडळाच्या भवितव्याचा आराखडा आखायचा म्हणजे मुळात या एका दुखण्यावर इलाज शोधायचा. इमारत, मॅट, प्रेक्षागृह हे नंतरचे विषय. प्रत्यक्षात मात्र मंडळांच्या आराखड्यात तेच पहिल्या पानावर असतात.

धाराशिव जिल्ह्यात हा विचार खो-खोच्या संदर्भात करणे सयुक्तिक ठरते, कारण या खेळात जिल्ह्याने मिळवायचे ते बहुतेक सगळे मिळवून झाले आहे. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाच्या कर्णधार सारिका काळे याच जिल्ह्याच्या. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोपटूला हा पुरस्कार मिळण्यासाठी त्याआधी तब्बल २२ वर्षे जावी लागली होती. अनेक वर्षे दिवसातून एकदाच जेवण मिळे, असे त्यांनी पुरस्कारानंतर सांगितले होते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात विजेत्या भारतीय महिला संघात धाराशिवच्या अश्विनी शिंदे होत्या आणि कर्णधार प्रियांका इंगळे मूळच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या. ही परंपरा प्रामुख्याने जिल्ह्याच्या ठिकाणी, प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्यासारख्या माणसांनी वर्षानुवर्षे दिलेल्या संध्याकाळींतून उभी राहिली. वाशी तिथून पन्नास किलोमीटरपेक्षा जास्त दूर. दहा वर्षांची मुलगी रोज एसटीने एवढा प्रवास करून सरावाला जाणार नाही, हे उघड आहे. तिच्यासाठी केंद्र गावातच हवे, आणि ते तिच्या पुढच्या दहा वर्षांतही जागेवर हवे.

अशी चिवट केंद्रे कशी तयार होतात याचा जगातला एक चांगला नमुना आयर्लंडमध्ये आहे. १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स या गावातल्या एका हॉटेलात मायकेल क्युसॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशी खेळांच्या रक्षणासाठी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन ही संस्था स्थापन केली. इंग्रजी खेळांच्या रेट्यापुढे आपले खेळ टिकवायचे हा तिचा हेतू. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची १९१४ मधली स्थापना किंवा त्याच सुमारास पुण्यात डेक्कन जिमखान्याने खो-खोच्या नियमांना दिलेला आकार यांमागची प्रेरणा फार वेगळी नव्हती. पुढे मात्र दोन्हीकडच्या वाटा फुटल्या. आयरिश संघटनेचे आज दीड हजारांहून अधिक क्लब आहेत आणि त्यांची बैठक चर्चच्या पॅरिशवर, म्हणजे जवळपास एकेका गावावर आहे. खेळाडू साधारणपणे आपल्या गावाकडूनच खेळतो. डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये ८२,००० प्रेक्षकांसमोर अंतिम सामना खेळणाऱ्यालाही पगार नसतो. दुसऱ्या दिवशी तो शाळेत शिकवायला किंवा गोठ्यात धारा काढायला जातो. क्लबचे मैदान विश्वस्तांकरवी संघटनेच्या ताब्यात असते, त्यामुळे एखाद्या पिढीच्या भांडणात ते विकले जात नाही. काउंटी समितीतल्या पदाधिकाऱ्याला एका पदावर सलग पाच वर्षांहून अधिक काळ राहता येत नाही. आपल्याकडे ज्यांना ‘संस्थापक अध्यक्ष’ म्हणून तहहयात मिरवायची सवय आहे, त्यांना हा नियम जाचक वाटेल. पण क्लब माणसापेक्षा दीर्घायुषी होण्याचे मोठे कारण तोच आहे.

या नमुन्यातले सगळेच उचलण्याजोगे नाही. आयर्लंडमध्ये मुलींच्या खेळांच्या संघटना वेगळ्या निघाल्या, कॅमोगी या खेळाची १९०४ मध्ये आणि महिला गेलिक फुटबॉलची १९७४ मध्ये. आता त्या मूळ संघटनेत विलीन करण्याची खटपट चालू आहे. खो-खोत मुले आणि मुली एकाच मैदानावर, एकाच प्रशिक्षकाकडे शिकत आली आहेत. शिवाय तिथल्या खेड्यांतही तरुण शहराकडे गेल्यामुळे पंधरा जणांचा संघ उभा राहत नाही आणि शेजारच्या दोन-तीन गावांचे क्लब बालगटात एकत्र खेळतात. ही अडचण वाशी तालुक्याला नवी वाटू नये.

मैदानाचा प्रश्न आकड्यांत मांडला की सोपा दिसतो. खो-खोचे क्रीडांगण २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद. भोवतालची मोकळी पट्टी धरली तरी सहा गुंठ्यांत काम भागते. क्रिकेटच्या तुलनेत हा खेळ जागेच्या बाबतीत अगदीच अल्पसंतुष्ट. तरीही तालुक्याच्या गावात हे सहा गुंठे हक्काचे मिळत नाहीत. मंडळ शाळेच्या आवारात खेळते आणि शाळेने नवी खोली बांधायला काढली की आडव्या पाट्यांवर खडीचा ढीग पडतो. गायरानाकडे बोट दाखवणे पूर्वी सोपे होते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालानंतर सार्वजनिक वापराच्या गावजमिनी वाटण्यावर कडक बंधने आली आणि राज्य शासनानेही त्याच वर्षी तसा निर्णय काढला. तालुका क्रीडा संकुलासाठीची अनुदानाची मर्यादा २०२२ मध्ये १ कोटीवरून ५ कोटी रुपयांवर गेली. पण संकुल चालते शासकीय समितीमार्फत. तिथे मंडळाला रोजची ठरावीक वेळ लेखी मिळाली नाही, तर लग्नाच्या मोसमात आणि पोलिस भरतीच्या दिवसांत सराव बंद पडतो. म्हणून आराखड्यात जागेच्या मालकीपेक्षा वापराच्या हक्काला आधी स्थान द्यावे. शाळेशी किंवा संकुलाशी किमान दहा वर्षांचा लेखी करार हवा, आणि त्यावर सह्या मुख्याध्यापकाच्या एकट्याच्या नव्हे तर संस्थेच्या असाव्यात, कारण मुख्याध्यापकही बदलतो.

जागा मिळाल्यावर मातीचे काम उरते. बालाघाटाच्या या पट्ट्यात माळावर मुरूम आणि सखल भागात काळी जमीन. काळ्या मातीवर थेट क्रीडांगण आखले की पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात पाऊल अडकेल एवढ्या भेगा. वरचा थर काढून, मुरमाचा भराव देऊन, त्यावर चाळलेली माती पसरून, पाणी मारून रोलर फिरवावा लागतो. एवढे झाल्यावरही रोज दुपारी उन्हे उतरताना कुणीतरी पाणी शिंपडायचे, खडे वेचायचे आणि फक्की मारून मधली पाटी पुन्हा स्पष्ट करायची. सूर मारणारा खेळाडू छातीवर पडतो. तिथे एक टोकदार खडा राहिला तर त्या मुलाचा हंगाम संपतो. उन्हाळ्यात गावाला टँकर सुरू असताना मैदानाला पाणी कुठून आणायचे हा प्रश्न चेष्टेचा नाही. शाळेच्या छपराचे पाणी टाकीत साठवणे किंवा सांडपाणी गाळून वापरणे हे आराखड्यातले कलम असायला हवे, कारण पाण्यावाचून मैदान एप्रिलमध्येच उखडते.

मॅटचा आग्रह याच जागी तपासून पाहावा. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात. २०२२ मध्ये सुरू झालेली अल्टिमेट खो-खो लीग आणि विश्वचषक दोन्ही मॅटवरच झाले. मातीवर शिकलेल्या मुलाचा पाय मॅटवर वेगळा पडतो, बूट लागतात, वळताना गुडघ्यावर ताण येतो. म्हणून राज्य पातळीच्या उंबरठ्यावर असलेल्या खेळाडूंना वर्षातून काही आठवडे मॅटवर सराव मिळायलाच हवा. तो जिल्ह्याच्या ठिकाणी शिबिरातून मिळू शकतो. वाशीत उघड्यावर मॅट अंथरून ती उन्हापावसात कुजवणे हा मात्र निव्वळ दिखाऊ खर्च आहे. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना हुलकावणी, साखळी आणि खांबावरची झेप मातीवर उत्तम शिकता येते.

आता माणसांकडे. एका प्रशिक्षकामागे दोन साहाय्यक, हा आराखड्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. साहाय्यक बाहेरून आणायचे नसतात. सतरा-अठराव्या वर्षी ज्यांची राज्य संघात निवड होत नाही, अशी मुले-मुली मंडळात दरवर्षी असतात. त्यांना पंचपरीक्षेला बसवणे, बालगटाचा सराव त्यांच्याकडे सोपवणे, प्रवासखर्च आणि थोडेफार मानधन देणे, एवढे केले तर पाच वर्षांत दुसरी फळी तयार होते. आज हीच मुले शिट्टी न धरता खेळ सोडतात आणि कंपनीत नाहीतर पोलिस भरतीच्या अकादमीत जातात. त्यांना गावात थांबवून ठेवता येणार नाही. पण जाण्याआधीची तीन-चार वर्षे मंडळाला देता येतील.

खेळाडू गळण्याचे आणखी एक कारण स्थलांतराचे आहे. वाशी, भूम, कळंब आणि बीडच्या लगतच्या भागांतून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला टोळ्या जातात. शालेय स्पर्धांचा हंगाम साधारण पावसाळ्यात सुरू होतो आणि ऐन रंगात येतो तेव्हा मुले आई-बापांबरोबर कारखान्यावर गेलेली असतात. चौदा वर्षांखालील संघातून ऑक्टोबरनंतर दोन चांगले पळणारे अचानक गायब होतात, ते यामुळे. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांसाठी गावोगावी हंगामी वसतिगृहाची योजना आहे; मुले नातलगांकडे राहतात, जेवणाची सोय शाळेमार्फत होते. मंडळाने आपले वेळापत्रक या वसतिगृहाशी जोडले तर दोन गोष्टी साधतात. खेळाडू टिकतो, आणि संध्याकाळी मोठ्यांविना असलेल्या मुलांवर एका जबाबदार माणसाची नजर राहते. खेळाच्या नावाने मुलगा गावात थांबला तर त्याची शाळाही टिकते, हा लाभ पदकतक्त्यात दिसत नाही, पण तो पदकापेक्षा मोठा आहे.

मुलींच्या बाबतीत घरच्यांचा प्रश्न एकच असतो: अंधार पडायच्या आत ती घरी येणार का? सरावाची वेळ, मैदानावर दिवा, जवळ स्वच्छतागृह, संघाबरोबर प्रवासाला एक बाई, या चार गोष्टी नसतील तर सातवीनंतर मुलींची संख्या घटते, कितीही प्रबोधन केले तरी. सारिका काळे पुढे तुळजापुरात क्रीडा अधिकारी म्हणून शासकीय सेवेत रुजू झाल्या. खेळाने मुलीला नोकरी मिळते, हे उदाहरण पालकांना पटते. शासकीय सेवेतले खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण आणि दहावी-बारावीचे सवलतीचे गुण यांमुळेही पालक तयार होतात. या सवलतींनी एक रोगही आणला. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात उघडकीस आली, पडताळणी कडक झाली आणि खऱ्या खेळाडूलाही कागद दाखवता दाखवता नाकी नऊ येतात. ज्या मंडळाकडे संघनिवडीचे ठराव, गुणपत्रके आणि प्रवेशिका वर्षवार लावून ठेवलेल्या असतात, त्याचा खेळाडू पडताळणीत अडकत नाही.

कागदांचा विषय कंटाळवाणा खरा, पण अनेक मंडळे तिथेच मेली आहेत. सात माणसे जमवून १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी होते, प्रमाणपत्राला चौकट बसते आणि प्रोसिडिंग बुक कपाटात जाते. विश्वस्त वारला किंवा बदलला तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो कुणी देत नाही. पंधरा वर्षांनी अनुदानाची संधी येते तेव्हा नोंदीवरच्या सातांपैकी तिघे हयात नसतात, दोघांचे बोलणे बंद असते आणि वादाची तारीख पडत राहते. दरवर्षी लेखापरीक्षण, वेळेवर बदल अर्ज आणि पदांना मुदत, एवढी शिस्त पाळायला पैसे लागत नाहीत.

पैसे लागतात ते सरावाला, आणि मिळतात ते स्पर्धेला. एखाद्या नेत्याच्या वाढदिवसाला भव्य चषक ठेवायला देणगीदार रांगेत उभे राहतात; मंडप, फ्लेक्स, ध्वनिक्षेपक आणि पाहुण्यांच्या फेट्यांवर दोन दिवसांत जो खर्च होतो त्यात बालगटाचे वर्षभराचे बूट आणि शेंगदाणे-गूळ निघाले असते. तालुक्यातल्या तेरखेड्याचे फटाके कारखानदार, खव्याचे व्यापारी, महामार्गावरचे हॉटेलवाले, पुण्यात स्थिरावलेले माजी खेळाडू यांच्याकडून मोठी देणगी मागण्याऐवजी दरमहा ठरावीक लहान रक्कम मागावी. मोठी देणगी देणारा फलकावर नाव मागतो आणि पुढे संघनिवडीतही शब्द टाकतो. दरमहा थोडे देणारे शंभर जण असले की कुणा एकाची मिजास चालत नाही.

वाशीतल्या एखाद्या मंडळाला आज आराखडा करायचा असेल तर त्याने पहिल्या बैठकीत दोन ठराव करावेत. अध्यक्षपदाची मुदत पाच वर्षे, आणि येत्या जूनपासून बालगटाचा सराव दोन तरुण साहाय्यकांकडे, त्यातली एक मुलगी. हे दोन ठराव मंजूर होत नसतील, तर मॅटसाठी अनुदानाचा अर्ज करण्यात काही अर्थ नाही.