पिवळ्या पट्ट्यांचं सोंग

पौषात चिखलीजवळच्या एका शेतात हुरडा खायला गेलो होतो. करडईच्या धुऱ्यावर बैठक मारतो न मारतो, तोच नाकासमोर वीतभर अंतरावर एक गांधीलमाशी हवेत टांगल्यासारखी थांबली. अंगावर काळे-पिवळे पट्टे. हलेचना! आमच्या नाकाचा विस्तार पाहता तिला जागा निवडायला वेळ लागत असावा. मी टोपी काढली आणि हाणली.

"कायले मारली जी?" शेतमालक कळवळले. "थे डसत नाही. तिची अळी करडईवरचा मावा खाते."

ती गांधीलमाशी नव्हतीच. ती सिरफीड माशी. गांधीलमाशीला पंख चार, हिला दोन. नांगी तर नावालाही नाही. तिची बिनपायाची अळी मात्र शेकडो मावा फस्त करते. म्हणजे मी शेतकऱ्याचा बिनपगारी गडी मारला होता.

असल्या सोंगाची उकल बेट्स नावाच्या इंग्रजाने १८६२ साली छापली. अकरा वर्षं ॲमेझॉनच्या जंगलात काढून त्याने पाहिलं, की निरुपद्रवी फुलपाखरं बेचव फुलपाखरांचे कपडे घालतात. एकदा तोंड पोळलेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. यात एक मेख आहे : सोंगाडे फार झाले, की पक्षी सोकावतात आणि मग खऱ्याचीही पत जाते.

आता हा खोटेपणा म्हणायचा का? माशीने पट्टे स्वतः रंगवलेले नाहीत. तिला दोष देणं जड जातं. माझी गोष्ट वेगळी. आमच्या फाटकावर 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी आहे. कुत्रा वारून सहा वर्षं झाली. सौ. म्हणते, हे खोटं आहे. मी म्हणतो, संरक्षण आहे. चोरच फसतो ना?

पण मागे एका रात्री पलीकडच्या आळीतल्या म्हातारीला धाप लागली. गाडी आमच्याकडे आहे म्हणून नातू धावत आला, पाटी वाचली आणि मागे फिरला. ऑटो मिळेपर्यंत तासभर गेला. म्हातारी वाचली. नातू दुसऱ्या दिवशी मलाच सांगत होता, "काका, तुमच्या कुत्र्याची लई भीती वाटते."

मी त्याला खरं सांगितलं नाही. त्याने चारचौघांत बोलून टाकलं असतं ना!

पाटी अजून आहे. पेपरवाला पेपर बाहेरूनच भिरकावतो, तो नेमका नालीत पडतो, आणि मी फाटकाशी उभा राहून त्याच्यावर गुरगुरतो.