कुत्र्याचे जखमी नख : उपचाराचा धर्मविचार

कुत्र्याचे नख बोटाच्या शेवटच्या हाडावर बसलेले असते. त्याचे बाहेरचे कठीण कवच निर्जीव असले, तरी आत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेला जिवंत गाभा असतो. म्हणून नख उभे फाटले किंवा अर्धे तुटून लोंबू लागले की रक्त थांबता थांबत नाही आणि कळ थेट हाडापर्यंत जाते. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला, जरा वर असलेले अंगठ्याचे नख चालताना जमिनीला टेकत नाही. ते झिजत नाही, वाढून वळते आणि सतरंजीत, जाळीत, झुडपात अडकून फाटते. जखम दिसायला एवढीशी असते. चाटून चाटून बरी होईल, असे घरातले म्हणतात आणि पुष्कळदा ती होतेही. पण दवाखान्यात न्यायचे की नाही हे ज्याचा पाय ठणकतो तो ठरवत नाही. जो ठरवतो त्याला काही दुखत नसते. नीतीचा प्रश्न इथे सुरू होतो. मोठ्या अपघातात माणूस विचार न करता धावतो. बारीक दुखण्यात सोय, खर्च आणि कंटाळा यांना बोलायला सवड मिळते, म्हणून दयेची खरी कसोटी अशा क्षुल्लक जखमेतच लागते.

मुळात या दुखण्याची नैतिक दखल घ्यायचीच का, याबद्दलही एकेकाळी वाद होता. सतराव्या शतकात देकार्तने प्राण्यांच्या शरीराची मांडणी यंत्रासारखी केली आणि त्याच्या अनुयायांपैकी काहींनी प्राण्याचे ओरडणे हा निव्वळ यंत्राचा आवाज ठरवला. प्राण्याला बुद्धी किंवा वाचा आहे का हा मुद्दा गैरलागू असून त्याला दुःख होते का एवढेच पाहावे, अशी भूमिका जेरेमी बेंथमने 1789 मध्ये घेतली. भारतीय परंपरांना प्राण्याच्या दुःखाबद्दल अशी शंका फारशी आलीच नाही. जैन विचारात कुत्रा पाच इंद्रिये आणि मन असलेल्या जीवांत मोडतो. गीतेच्या पाचव्या अध्यायात ज्ञानी माणसाची समदृष्टी सांगताना विद्वान ब्राह्मण, गाय आणि हत्ती यांच्या जोडीला कुत्रा येतो. मात्र समदृष्टी मान्य असलेल्या याच समाजाने कुत्र्याचा स्पर्श विटाळाचा मानला. तत्त्व मान्य करणे सोपे असते. रक्ताळलेला, चिखलाने भरलेला पंजा हातात घ्यायची वेळ आली की ते किती खोल उतरले आहे ते कळते.

महाकाव्यांत जखमी कुत्रा दोन ठिकाणी ठळकपणे भेटतो. महाभारताच्या आदिपर्वात कुरुक्षेत्रावर जनमेजय राजाचे यज्ञसत्र चालू असताना सरमा या कुत्रीचे पिल्लू तिथे येते आणि राजाचे भाऊ त्याला मारतात. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावलेले नसते, तिकडे पाहिलेलेही नसते. सरमा येऊन जाब विचारते. उत्तर मिळत नाही, तेव्हा अकल्पित भय ओढवेल असे ती राजाला बजावते. रामायणाच्या उत्तरकांडातील, पुष्कळ अभ्यासक प्रक्षिप्त मानतात अशा एका कथेत, डोके फुटलेला कुत्रा रामाच्या दरबारात दाद मागायला येतो. या कथांनी कुत्र्याला फिर्यादीचा हक्क दिला, ही गोष्ट लहान नाही. पण दोन्हीकडे कुत्र्याला वाचा आहे आणि दोन्हीकडे विषय न्यायाचा आहे. जखम कोणी धुतली, यावर कथा काही बोलत नाहीत. घरातल्या कुत्र्याची परिस्थिती वेगळी असते. त्याचे नख कोणी मुद्दाम तोडलेले नसते, शिक्षा द्यायला अपराधी नसतो आणि फिर्याद मांडायला शब्द नसतात.

त्यामुळे साक्षीदाराचे काम पाळणाऱ्याकडे येते. कुत्रा दुखणे लपवतो. लंगडत असला तरी फिरायला निघायची वेळ झाली की शेपूट हलवत दाराशी येतो आणि मालक निर्धास्त होतो. वेदनेच्या खुणा बारीक असतात. तो एकच पंजा सारखा चाटतो, जिना चढताना थबकतो, पाय उचलून धरतो, बोटाला हात लावला तर गुरगुरतो. या खुणा पाहण्यासाठी प्रेम पुरत नाही. खाली बसून, उजेडात, चारही पंज्यांची बोटे फाकवून पाहावे लागते. उपचाराचा पहिला भाग हाच आहे. त्या अगोदर केलेला कोणताही निर्णय, मग तो दवाखान्यात धावण्याचा असो वा घरी थांबण्याचा, अंदाजावर चालतो.

दुसरी अडचण संमतीची. नामदेवांची कथा महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे: पोळी पळवून नेणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले. तिथे दिले जाणारे तूप कुत्र्याला हवेच होते. नखाच्या उपचारात जे द्यायचे ते त्याला नको असते. त्याला धरावे लागते, प्रसंगी मुसके बांधावे लागते, कारण जीव लावलेला कुत्राही कळ आली की चावतो. या प्रश्नाला सरळ भिडणारा एक प्राचीन धर्मग्रंथ म्हणजे पारशांचा वेंदिदाद. त्याचा तेरावा अध्याय जवळजवळ पूर्ण कुत्र्याला वाहिलेला आहे. कुत्रा पिसाळला तर श्रद्धावान माणसावर करावेत तसेच उपचार त्याच्यावर करावेत, असे तिथे सांगितले आहे आणि तो चावू नये म्हणून गळ्यात लाकडी खोडा घालण्याचीही तजवीज आहे. पंधराव्या अध्यायात कुत्र्याला फार कडक हाड किंवा फार गरम अन्न देऊन त्याच्या दाताला वा घशाला इजा करणे हे मोठे पाप मानले आहे. इतक्या बारीक इजेची धर्माने घेतलेली नोंद विरळाच. मुंबईत 1832 साली मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर आला, त्यामागे ही श्रद्धा होती. दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने शहरात पांजरापोळ उभी राहिली. वेंदिदादातल्या त्या खोड्याचे आजचे रूप म्हणजे जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालायची प्लास्टिकची कॉलर. कुत्र्याला ती मुळीच आवडत नाही. तरीही ती घालणे योग्य ठरते, कारण बंधन थोडे, थोड्या काळाचे आणि त्याच्याच भल्यासाठी असते. या तिन्हींपैकी एक जरी अट सुटली, तर उपचार आणि छळ यांत फरक राहत नाही.

घरी काय करता येते ते मोजकेच आहे. स्वच्छ कापड किंवा गॉज नखावर पाच ते दहा मिनिटे, मध्येच उचलून न पाहता, दाबून धरायचे. रक्त थांबत नसेल तर कॉर्नफ्लोअर लावून पुन्हा दाबायचे. मग मिठाच्या कोमट पाण्याने धुऊन पंजा कोरडा ठेवायचा. माणसांची वेदनाशामके द्यायची नाहीत. आयबुप्रोफेनने कुत्र्याचे पोट आणि मूत्रपिंडे बिघडतात, पॅरासिटामॉलने यकृत. चांगल्या हेतूने दिलेले औषध काय करू शकते, याचा भारतातला सर्वांत मोठा दाखला गिधाडांचा आहे. गुरांच्या वेदना कमी व्हाव्यात म्हणून दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांच्या काही जातींची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. 2006 मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय उत्पादनावर बंदी आली, पण तोवर पारशांच्या दख्म्यांवरचे, म्हणजे मृतदेह गिधाडांसाठी ठेवण्याच्या मनोऱ्यांवरचे, आकाश ओस पडले होते. बुद्धाने कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत, मानले हे खरे. पण जाणून घेण्याची सोय असताना अज्ञानात राहणाऱ्याला शुद्ध हेतूचा आधार घेता येत नाही. पशुवैद्याला विचारणे हा म्हणूनच दयेचाच भाग आहे.

पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसली की आणखी अवघड प्रसंग येतो: जखमेत अळ्या पडतात. अळ्या काढल्या तर त्या मरतात, नाही काढल्या तर कुत्रा सडत जातो. तिबेटी बौद्ध परंपरेत आचार्य असंगाची कथा आहे. भावी बुद्ध मैत्रेयाच्या दर्शनासाठी वर्षानुवर्षे तप करून निराश झालेल्या असंगाला वाटेत अळ्यांनी भरलेला कुत्रा दिसतो. अळ्याही मरू नयेत म्हणून तो त्या जिभेने उचलायला वाकतो, तेव्हा कुत्र्याच्या जागी मैत्रेय उभा असतो. कथा करुणेचे टोक दाखवते. रोजच्या आचरणाचा नियम म्हणून ती वापरता येत नाही. अहिंसेच्या काटेकोर हिशेबात प्रत्येक अळी एक जीव आहे आणि हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पण ज्या जिवाचा भार माणसाने स्वीकारला आहे, त्या जिवाचा माणसावर हक्क अधिक असतो. शिवाय विकसित मज्जासंस्थेच्या कुत्र्याची वेदना आणि अळीची संवेदना एका मापाची मानायला आधार नाही. अळ्या काढाव्यात, आणि ते काम पशुवैद्याच्या हातून व्हावे.

भार स्वीकारणे हा मुद्दा गांधीजींनी 1926 मध्ये फार स्पष्टपणे मांडला. अहमदाबादच्या एका गिरणीमालकाने साठ मोकाट कुत्री मारवली, तेव्हा गांधीजींनी त्याची बाजू घेतली आणि देशभरातून टीका ओढवून घेतली. त्यांचे म्हणणे होते की तुकडा टाकून निघून जाणे हा जीवदयेचा धर्म नव्हे. कुत्रा पाळायचा तर त्याची पूर्ण जबाबदारी घ्यायची. मारण्याबद्दलचे त्यांचे मत आज स्वीकारणे कठीण आहे, पण निम्म्या दयेवरचा त्यांचा आक्षेप तसाच उभा आहे. 1928 साली साबरमती आश्रमातले मरणासन्न वासरू इंजेक्शनने मारले गेले, तेव्हा त्यांनी कसोटी ठेवली ती हीच, की कृती वासराच्या सुटकेसाठी आहे की पाहणाऱ्याच्या. भारतीय कायदाही भारावरच बोट ठेवतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या अधिनियमाचे तिसरे कलम ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याच्यावर त्याची अनावश्यक वेदना टाळण्याचे कर्तव्य टाकते.

पाहणाऱ्याची सुटका दोन्ही बाजूंनी फसवते. कोणी रक्त बघवत नाही म्हणून नजर वळवतो. कोणी स्वतःच्या धास्तीपोटी दोन दिवसांत बऱ्या होणाऱ्या ओरखड्यासाठी भेदरलेल्या कुत्र्याला दवाखान्याच्या गर्दीत नेतो. जखमेकडे पाहूनच ठरवायला हवे. नखाचे टोक तुटले, रक्त थांबले आणि कुत्रा पाय टेकतो आहे, तर घरी थांबण्यात काही चूक नाही. नख लोंबत असेल, बोट सुजले असेल, वास किंवा पू येत असेल, दोन दिवसांनंतरही तो लंगडत असेल, तर थांबणे म्हणजे त्याच्या वेदनेवर स्वतःची सोय साधणे. लोंबते नख गुंगी किंवा भूल देऊन मुळाशी काढावे लागते. तसेच राहिले तर संसर्ग हाडात शिरू शकतो. खर्चाची चिंता खरी असते आणि तिची लाज बाळगायचे कारण नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने अत्यल्प शुल्कात तपासतात. मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून हेच काम करत आले आहे.

वयस्क कुत्र्यात एकाच बोटाचे नख पुन्हा पुन्हा मोडत असेल आणि बोट सुजत असेल, तर नखाच्या मुळाशी कर्करोगाची गाठ असू शकते. काळ्या रंगाच्या मोठ्या कुत्र्यांत ती अधिक आढळते. तेव्हा पशुवैद्य बोट काढायला सांगतो आणि पाळणारा बहुधा तिथे अडतो. पंजा अपुरा दिसेल हे दुःख त्याचे असते; कुत्र्याला स्वतःच्या पंज्याच्या रूपाची फिकीर नसते. एक बोट काढलेला कुत्रा जखम भरल्यावर काही आठवड्यांत पुन्हा चालू-धावू लागतो.