कारकून येण्याआधीचं गाव

वडिलांच्या अस्थी घेऊन आम्ही रामटेकला अंबाळ्यावर गेलो होतो. तलावाच्या पायरीवर पाट मांडून बसलेल्या गुरुजींनी पिंडांचं साहित्य एका हाताने लावत दुसऱ्या हाताने वही ओढली आणि विचारलं, "आडनाव?" मी म्हटलं, पौनीकर. "मूळ गाव?" हा प्रश्न त्यांनी विचारला खरा, पण उत्तराची वाट न बघता 'पवनी' लिहूनही टाकलं. काका जरा नाराज झाले. "नागपूर लिहा ना जी. चार पिढ्या तांडापेठेत गेल्या आमच्या." गुरुजी मान वर न करता म्हणाले, "नागपूरचे असते तर नागपूरकर नसते का झाले?"

त्या वेळी ओल्या धोतरात वाद घालायची सोय नव्हती. पण परतीच्या रस्त्याला मनसर येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच चालू होतं, कारण गुरुजींचं वाक्य ऐकायला बिनतोड असलं तरी नेमकं उलटं होतं. नागपूरचे असतो तर त्यामुळेच आम्ही नागपूरकर झालो नसतो.

माझा जन्म नागपूरचा, नोकरी नागपूरची. इतक्या वर्षांत महाल, इतवारी, पाचपावली, धरमपेठ, लक्ष्मीनगर, कुठकुठल्या गल्लीतल्या पाट्या वाचल्या असतील. उमरेडकर भेटले, काटोलकर भेटले, आर्वीकर, चांदेकर, वैरागडे, रामटेके भेटले. नागपूरकर मात्र पुण्यात भेटले, नाशकात भेटले. नागपुरे आडनावाची घरं पाहायची तर गोंदिया-बालाघाटकडे जावं लागतं. वर्तमानपत्रात उन्हाळाभर 'नागपूरकर उकाड्याने हैराण' असतात, ते सोडा. ते आडनाव नव्हे, ती तक्रार आहे.

कारण साधं आहे. पौनीत सगळेच पौनीचे. तिथे एखाद्याला पौनीकर म्हणून हाक मारली तर गावातली निम्मी माणसं वळून बघतील. तिथे माणसाची ओळख त्याच्या धंद्यावरून, आजोबाच्या नावावरून किंवा एखाद्या खोडीवरून ठरते. माझा खापरपणजा वैनगंगेचा काठ सोडून नागपूरच्या कोष्ट्यांच्या वस्तीत माग टाकायला आला, तेव्हा तिथल्या लोकांना तो आधीच्या चार बिऱ्हाडांपासून वेगळा ओळखायला काहीतरी हवं होतं. 'तो पौनीवाला.' 'पौनीकराकडून सूत घेऊन ये.' म्हणजे हे नाव पौनीने दिलेलं नाही आणि खापरपणज्याने घेतलेलंही नाही. ते शेजाऱ्यांनी दिलं. आपण ज्याला मुळाची खूण समजून जपतो ती मुळात सुटल्याची खूण आहे, आणि तीही परक्यांनी लावलेली.

ही रीत फार जुनी आहे. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची नावं कोरली आहेत, त्यांत उज्जैनच्या माणसांनी आपल्या नावाबरोबर उज्जैन लिहिलेलं पुन्हा पुन्हा दिसतं. उज्जैनमध्ये त्यांनी ते कशाला लिहिलं असतं? आपल्याकडचं कार्ले घ्या. तिथल्या चैत्यगृहाच्या दारातला लेख वैजयंतीच्या भूतपाल शेठचा आहे. वैजयंती म्हणजे कर्नाटकातलं बनवासी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आपण खोदवलेलं हे लेणं जंबुद्वीपात सर्वश्रेष्ठ आहे असं सांगताना या व्यापाऱ्याला आपलं गावही सांगावंसं वाटलं. मावळातल्या डोंगरात तो एकटाच वैजयंतीचा होता, म्हणून. खुद्द आमच्या पौनीलाही जगन्नाथ टेकडीवर 1969-70 च्या उत्खननात स्तूप सापडला. लहानपणी आम्हाला ते कोणी सांगितलं नाही. आमच्यासाठी पौनी म्हणजे फक्त आडनावाचा पहिला अर्धा भाग होता.

इटलीच्या लोकांनी तर गावावरून नाव पाडायची कलाच करून ठेवली आहे. रोमानो, जेनोवेसे, पिसानो, कालाब्रेसे: आपला 'कर' तसा त्यांचा 'आनो' आणि 'एसे'. लिओनार्दो 'दा विंची' म्हणजे विंचीचा, म्हणजे आपल्या हिशेबाने विंचीकरच. ज्या चित्रकाराला जग कारावाज्जो म्हणतं त्याचं नाव मिकेलांजेलो मेरिसी. कारावाज्जो हे त्याच्या कुटुंबाचं गाव, जन्म मिलानचा आणि कीर्ती रोमची. पण मला सगळ्यांत आवडतं ते लोम्बार्दो. लोम्बार्दी हा प्रांत इटलीच्या अगदी उत्तरेला, आल्प्सच्या पायथ्याशी. लोम्बार्दो आडनावाची दाटी मात्र अगदी दक्षिणेला, समुद्रापलीकडच्या सिसिलीत. मध्ययुगात उत्तरेकडून तिथे जाऊन वसलेल्यांना सिसिलीच्या लोकांनी ते नाव दिलं. आडनावाचा नकाशा काढला आणि गावाचा नकाशा त्याच्यावर ठेवला, तर एकावर जिथे शाई गडद तिथेच दुसऱ्यावर कोरी जागा, असं काहीसं होतं.

याला अपवाद आहेत आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. 2006 ते 2015 या काळात इटलीचे राष्ट्राध्यक्ष असलेले जॉर्जो नापोलितानो नापोलीतच जन्मले. आपल्याकडे पुनावाला पुण्यातच आहेत. माणसं परततात, नाव चिकटलेलं राहतं. शिवाय शेवटी 'कर' दिसला की गाव शोधायला निघायचं हेही खरं नाही. रा. गो. भांडारकर भंडाऱ्याचे नव्हेत, ते भांडाराचे. पूर्वजांकडे खजिन्याचं काम होतं.

मला खरा प्रश्न पडतो तो पुढचा. माणसं काही एकदाच गाव सोडत नाहीत. पौनीला तरी आम्ही कुठून आलो असू? आणि आता माझी पुतणी पुण्यात आहे, तिचा नवरा बंगळूरला जायचं म्हणतोय. तिकडे कोणी तिला नागपूरकर का म्हणत नाही? पूर्वी तर नाव बदलत होतं. नागपूरच्या राजघराण्याला हिंगणीकर भोसले म्हणतात. हिंगणी हे पुण्याकडचं गाव. तिथून निघालेल्या घराण्याने विदर्भापासून कटकपर्यंत दरारा बसवला, नागपूर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शहाने पण वाढवलं यांनी, तरी इतर भोसल्यांपासून वेगळं ओळखायला मागे हिंगणी लागलीच.

मला वाटतं उत्तर वहीत आहे. 1563 साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रत्येक पाद्र्याला लग्नांची नोंदवही ठेवायला लावली. तोवर माणसागणिक आणि मुक्कामागणिक बदलणारी नावं त्या वह्यांमध्ये हळूहळू गोठत गेली. आपल्याकडे हे काम एकोणिसाव्या शतकात सरकारी शाळांच्या रजिस्टरने केलं, जमिनीच्या कागदांनी केलं, खानेसुमारीने केलं. कारकुनाने टाक शाईत बुडवून "आडनाव?" विचारलं त्या दिवशी लोक आपल्याला ज्या नावाने हाक मारत होते ते नाव कायमचं झालं. म्हणजे माझं आडनाव मी मूळचा कुठला ते सांगतच नाही. कारकून यायच्या आधी आम्ही शेवटचं कोणतं गाव सोडलं, एवढंच सांगतं. त्याच्या आधीचे मुक्काम पुसले गेले आणि नंतरचे मोजलेच गेले नाहीत.

वहीतलं नाव असं गोठलं की गाव बदलतं, नाव बदलत नाही. चांद्याचं चंद्रपूर झालं, चांदेकर चांदेकरच राहिले. सरकारी पाटीवर आता 'पवनी' आहे, आम्ही अजून 'पौनी'त अडकलो आहोत. आधार कार्ड काढताना ऑपरेटरने ते दुरुस्त करायचा प्रामाणिक प्रयत्न केला होता. चंद्रपूर-यवतमाळकडे आणखी एक गंमत आहे. तिथल्या मुनगंटीवार, वडेट्टीवार, कोत्तपल्लीवार या नावांतला 'वार' म्हणजे तेलुगूतला 'वारु', अमक्याची मंडळी. घरात मराठी बोलणं सुरू होऊन पिढ्या गेल्या, ठेचा-भाकर अंगवळणी पडली, तरी नावाच्या शेवटी गोदावरीपलीकडची भाषा तेवढी शिल्लक.

आणि मग नागपूरची विजयादशमी. त्या दिवशी हे शहर दोन बाजूंनी भरतं. एकीकडे दीक्षाभूमी, जिथे 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी लाखोंसह बौद्ध धम्म स्वीकारला. दुसरीकडे रेशीमबाग, जिथे 1925 च्या विजयादशमीला स्थापन झालेल्या संघाचा उत्सव असतो. दोन्हीकडच्या विचारांत जमीन-अस्मानाचं अंतर, आणि ते मिटवायचा माझा मुळीच विचार नाही. पण आडनावं वाचायची सवय लागलेल्या माणसाला एक गोष्ट दिसल्याशिवाय राहत नाही. आंबेडकर आणि संघाचे गोळवलकर, दोघांच्याही नावात रत्नागिरी जिल्ह्यातली दोन खेडी आहेत: मंडणगडजवळचं आंबडवे आणि संगमेश्वराकडची गोळवली. दोघांपैकी कोणीही त्या गावात जन्मलं नाही. गोळवलकरांचं घराणं आधी पाध्ये. बाबासाहेबांच्या वडिलांचं आडनाव सकपाळ. 7 नोव्हेंबर 1900 ला साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या रजिस्टरात मुलाचं नाव भिवा रामजी आंबेडकर असं चढलं.

'आंबडवेकर'चं 'आंबेडकर' कसं झालं याची हकिकत अनेकांनी अनेक तऱ्हांनी सांगितली आहे, त्यात मी पडत नाही. मला दुसरंच काही टोचतं. पाध्ये हे वृत्तीचं नाव, गावाने मान देऊन दिलेलं. ते सोडून गोळवली घेतली तरी गावात जागा होतीच. आंबडव्याने सकपाळांना कुठे ठेवलं असेल हे कोकणातल्या किंवा वऱ्हाडातल्या कुठल्याही गावाचा नकाशा पाहिलेल्याला सांगायला नको. महारवाडा गावकुसाबाहेर. ज्या वेशीच्या आत राहायला मनाई त्याच वेशीचं नाव पाठीवर घेऊन माणूस बाहेर पडतो, आणि पुढे त्या गावाला जगात जी काही ओळख मिळते ती फक्त त्याच्यामुळे. विदर्भातले कितीतरी रामटेके बौद्ध आहेत. रामटेकच्या गडावरच्या देवळाशी त्यांच्या पूर्वजांचा संबंध लांबून हात जोडण्यापुरताच असणार. गावाने आपलं म्हटलं नाही त्यांनी गावाला आपलं नाव केलं. या व्यवहारात कोणी कोणाला काय दिलं याचा हिशेब मला लागत नाही.

गावाचं आडनाव जात झाकतं असं म्हणतात. 'कर' लावणारा ब्राह्मण असेल, मराठा असेल, सोनार असेल, कोष्टी असेल, महार असेल. पण झाकणं इतकं सोपं असतं तर आपल्याकडे "म्हणजे कुठले तुम्ही?" हा प्रश्न एवढ्या गोडीत विचारला गेला नसता. नागपुरात त्याच्या शेवटी एक 'जी' लावतात. पौनीकर म्हटल्यावर समोरचा क्षणभर थांबतो, मग "अच्छा, तांडापेठ का?" असं विचारतो, आणि त्याला हवं ते उत्तर मिळालेलं असतं. गाव भूगोल राहत नाही, ते वस्ती होतं.

अस्थी विसर्जनानंतर महिन्याभराने मी पौनीला गेलो. आयुष्यात पहिल्यांदा. जुन्या कोटाची भिंत पाहिली, वैनगंगेचा घाट पाहिला. एका कापडाच्या दुकानात म्हाताऱ्या मालकाला आडनाव सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "पौनीकर इथं कोणीच नाही जी. ते सगळे नागपूरला." मग काउंटरवर करवतकाठी लुगड्याची घडी उलगडली, आणि काठावरचे दात बोटाने मोजत म्हणाले, "हे बाकी इथलं." माझी आजी कांड्या भरायची तेव्हा सूत नीट बसलंय का ते असंच बोट फिरवून बघायची. पौनी सोडून पिढ्या झाल्या असतील तिला, पण आडनावापेक्षा त्या बोटात पौनी जास्त होती.

परतताना बसमध्ये शेजारी एक शेतकरी बसले होते. गोसीखुर्द धरण तिथून जवळच. 1988 साली त्याची पायाभरणी झाली, आणि पुढे वैनगंगेकाठची गावंच्या गावं उठली. त्यांचंही गाव त्यातच गेलं. नव्या गावठाणात त्यांना प्लॉट मिळाला आहे. मी विचारलं, नव्या वस्तीतले लोक तुम्हाला जुन्या गावाच्या नावाने ओळखतात का? ते म्हणाले, ओळखतात की, हाकही त्याच नावाने मारतात. मग कागदावर? "कागदावर कसं येणार? कागदावर बापाचं आहे ते आहे."

कंडक्टर आला. त्यांनी तिकीट मागताना पाण्याखाली गेलेल्या गावाचंच नाव घेतलं. कंडक्टरने मशीनवर पुनर्वसनाच्या थांब्याचं बटण दाबलं, पंधरा रुपये घेतले आणि काही न बोलता पुढे सरकला.