14 जानेवारीला, माजी सैनिकांसाठी

हे आकाशातील पित्या,

आज लासलगावात घरोघरी तिळगूळ वाटला जातो आहे. याच तारखेला, 1953 साली, जनरल करिअप्पा सेवानिवृत्त झाले, म्हणून देश आज माजी सैनिकांचा दिवस पाळतो. संक्रांतीच्या धांदलीत तो फारसा कुणाच्या लक्षात राहत नाही. तुझ्या मात्र राहतो.

आमच्या निफाड तालुक्यातले फौजी तू रोज पाहतोस. बर्फात, वाळवंटात, ईशान्येच्या जंगलात उमेदीची वर्षे घालवून ते गावी आले. कुणी बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा असतो, कुणी चाळीतला कांदा निवडतो, कुणी पहाटे भरतीच्या पोरांना पळवतो. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देऊन आपण जिवंत आहोत हे ते सरकारला पटवतात. पण प्रभू, कितीतरी रात्री त्यांच्यातला एखादा अजून चौकीवरच असतो. लग्नाच्या वरातीतला फटाका वाजला की जो दचकतो आणि कुणाला काही सांगत नाही, त्याच्या उशाशी तू बस. त्याच्या घरधनिणीने सासू-सासरे, शेत, पोरांची शाळा सारे एकटीने ओढले. तिला पदक नाही. तिचा मान आमच्याकडून राहून गेला आहे, तो करायला आम्हाला शिकव.

आणि ज्यांचे पेन्शन वारसाच्या नावे निघते, त्या घरांतला कोनाडा आणि हार घातलेला गणवेशातला फोटो तुला ठाऊक आहे. तिथे शब्द चालत नाहीत. तूच जा.

आज आम्हाला आठवतात संगमनेरजवळच्या निमजचे नामदेव जाधव, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई. 9 एप्रिल 1945 रोजी इटलीतल्या सेनिओ नदीवर त्यांनी गोळ्यांच्या माऱ्यात दोन जखमी सोबत्यांना एकेक करून खोल पाण्यातून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुरक्षित आणले. मग मागे वळून शत्रूची तीन मशीनगन ठाणी बंद पाडली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. गोष्ट सांगताना लोक तीन ठाणी आधी सांगतात. आम्हाला वाटते, तुझ्या पुत्राने ते दोन जखमी आधी पाहिले असतील. तरी माणूस एकच होता. आणि ठाण्यांमागची पोरेही तुझीच होती. हे सगळे एकदम मनात धरणे आम्हाला झेपत नाही, तू धरतोस.

कफर्णहूमचा शताधिपती प्रभू येशूकडे आला, तेव्हा शिपाईगिरी सोडून ये, असे येशूने त्याला सांगितले नाही. त्याच्या चाकराला बरे केले. गेथशेमानेत मात्र पेत्राला तलवार म्यानात घालायला लावली. आम्ही आपल्या सोयीने यातली एकच गोष्ट वाचतो. सैनिकाचा जयजयकार करतो आणि त्याच श्वासात पुढचे युद्ध मागतो. तेही टीव्हीपुढे बसून, दुसऱ्याच्या पोराच्या जिवावर. या पापाची क्षमा कर. ज्याने युद्ध अंगावर घेतले तो क्वचितच ते मागतो.

यशया संदेष्ट्याने तलवारींचे फाळ होताना पाहिले. आमच्या लासलगावात त्याची एक खूण आहे. 1945च्या ऑगस्टमध्ये ज्या अणूने हिरोशिमा जाळले, त्याच अणूच्या विद्येने इथल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘कृषक’ प्रकल्पात 2002पासून कांद्याला कोंब फुटणे थांबवले जाते. कोबाल्ट-60चे किरण, आणि पुढे कांद्याच्या गोण्या! परदेशी जाणारा काही आंबाही इथून किरण घेऊन निघतो. माणसाच्या हाताला हे जमते, प्रभू. राज्य करणाऱ्यांच्या मनालाही जमू दे, आमच्या देशातल्या आणि शेजारच्याही.

देवळालीच्या तोफखान्यात शिकणाऱ्या मुलांच्या तोफा सरावापुरत्याच धडाडू देत. सीमेच्या दोन्ही बाजूंना रजेची वाट पाहणाऱ्या शिपायाला रजा मिळू दे, आणि घरी पोचू दे. आम्हाला आज भाषण नको, पाय उचलायची बुद्धी दे: तिळगूळ घेऊन एखाद्या जुन्या फौजीच्या दारी जाऊ, त्याचा अडकलेला पेन्शनचा कागद घेऊन कचेरीत जाऊ, त्याला दवाखान्यात नेऊ, आणि तो बोलला तर घड्याळ न पाहता ऐकू.

शांतीचा अधिपती येशू याच्या नावाने मागतो. आमेन.